पंधराव्या ओळीतला शब्द

साताऱ्याच्या एका महाविद्यालयात मी ३१ वर्षे राज्यशास्त्र शिकवले. अमेरिकेच्या राज्यघटनेचे प्रकरण दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर यायचे आणि दर वर्षी वर्गातले कोणी ना कोणी तोच प्रश्न विचारायचे : ज्यांनी माणसे विकत घेतली आणि विकली, त्यांनी ‘आम्ही लोक’ हे शब्द कागदावर लिहिले तरी कसे? मी उत्तर देत असे, पण ते पाठ्यपुस्तकातले असे आणि तास संपत आलेला असताना दिलेले असे. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मुलीकडे, वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात राहायला गेले, तेव्हा ही राज्यघटना जिथे घडली त्या जागा पाहून यायचे मी ठरवले. क्रम शक्यतो काळाचा ठेवला. राज्यघटनेचा मुख्य शिल्पकार जेम्स मॅडिसन याच्या अभ्यासिकेपासून, म्हणजे १७८६ पासून, सुरुवात करायची आणि कायदे तपासण्याचा अधिकार न्यायालयाकडे आला त्या १८०३ च्या मार्बरी खटल्यापाशी थांबायचे. मुलीने पाच दिवसांची रजा काढली, तिला रविवार जोडला आणि जूनच्या अखेरीस आम्ही दोघी निघालो.

पहिला दिवस, रविवार : माँटपेलियर

नैर्ऋत्येला दोन तास गाडी चालवल्यावर ऑरेंज नावाचे छोटे गाव लागते आणि त्याच्या पुढे जेम्स मॅडिसनचे घर येते. विसाव्या शतकातील मालकांनी या घराभोवती बरेच बांधकाम वाढवले होते. ते उतरवून २००८ पर्यंत घराला मॅडिसनच्या काळातले रूप परत देण्यात आले. समोर उतरते गवताळ मैदान आहे आणि त्यापलीकडे ब्लू रिज डोंगरांची निळसर रांग दिसते. वरच्या मजल्यावर याच बाजूला उघडणारी एक खोली आहे. मॅडिसनची ती अभ्यासिका पाहण्यासाठीच मी आले होते.

थॉमस जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत होता. मॅडिसनच्या विनंतीवरून तो तिकडून पेट्या भरून पुस्तके पाठवत असे. १७८६ च्या वसंतात मॅडिसनने या पुस्तकांच्या आधारे जुन्या आणि नव्या महासंघांचा अभ्यास केला. प्राचीन काळातले लिशियन आणि अकीयन संघ, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, जर्मन साम्राज्य या सगळ्यांची रचना कशी होती आणि प्रत्येकात दोष कुठे होता, याची त्याने टिपणे काढली. हा उद्योग केवळ विद्याव्यासंगाचा नव्हता, कारण त्याचा स्वतःचा देश त्याच दुखण्याने आजारी होता. १७८१ पासून अमलात असलेल्या महासंघाच्या कलमांनुसार, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या राज्यघटनेनुसार, केंद्रीय काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागू शकत असे, पण वसूल करू शकत नसे. कलमे बदलायची तर तेराही राज्यांची संमती लागे. आयात मालावर ५ टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला आणि ब्रिटिशांविरुद्धच्या क्रांतियुद्धाचे कर्ज फेडण्याचा मार्ग तिथेच खुंटला.

खोलीत फार सामान नाही, आणि ते बरे आहे. १७८७ च्या फिलाडेल्फियातल्या राज्यघटना परिषदेला सगळ्यांत जास्त तयारी करून आलेला माणूस असा मॅडिसनचा उल्लेख मी वर्गात शेकडो वेळा केला असेल. ती तयारी म्हणजे या खिडकीशी बसून काढलेले महिने होते, हे इथे उभे राहिल्यावर मनात उतरले.

तिथून आम्ही तळघरात गेलो. या घरावर आणि शेतावर राबलेल्या गुलामांविषयीचे प्रदर्शन तिथे मांडले आहे. मॅडिसन घराण्याच्या पिढ्यांमध्ये मिळून सुमारे ३०० माणसे इथे गुलामीत जगली. त्यांच्यातली ज्यांची नावे कागदपत्रांत सापडली, ती भिंतींवर लिहिलेली आहेत. घराच्या विटा इथल्याच मातीच्या, गुलामांनी पाडलेल्या. काही विटांवर कच्च्या मातीत उमटलेले बोटांचे ठसे अजून दिसतात. विटा उलटण्या-वाळवण्याचे काम मुलांकडे असे, म्हणून ठसे लहान आहेत. मुलीने आपले बोट एका ठशाजवळ धरले आणि पुन्हा मागे घेतले.

इथेच १७९९ मध्ये जन्मलेला पॉल जेनिंग्ज पुढे मॅडिसनचा खासगी नोकर झाला आणि २८ जून १८३६ रोजी मॅडिसनच्या मृत्यूसमयी त्याच्याजवळ होता. राज्यघटना परिषदेतला मॅडिसन हा शेवटचा हयात सदस्य होता. माणसाची मालकी असू शकते ही कल्पना राज्यघटनेत मान्य करणे चुकीचे ठरेल, असे तो परिषदेत बोलला होता. मृत्यूच्या वेळी त्याच्या मालकीत शंभराच्या आसपास माणसे होती आणि त्याने त्यांतल्या कोणालाही मुक्त केले नाही. वरच्या खोलीतला आणि खालच्या खोलीतला मॅडिसन एकच होता. परतताना आम्ही दोघीही बराच वेळ बोललो नाही.

दुसरा दिवस, सोमवार : ॲनापोलिस

ॲनापोलिस हे मेरीलँडच्या राजधानीचे शहर चेसापीक उपसागराच्या काठी आहे. टेकडीवरच्या विधानभवनाला लाकडी घुमट आहे. १७८३–८४ मध्ये काही महिने काँग्रेसची बैठक याच इमारतीत भरत होती. जुन्या सिनेट दालनात जॉर्ज वॉशिंग्टनचा ब्राँझचा पुतळा आहे. २३ डिसेंबर १७८३ रोजी त्याने सेनापतिपदाचा राजीनामा जिथे काँग्रेसच्या हवाली केला, तिथेच तो उभा केला आहे. विजयी सेनापतीने नागरी सत्तेपुढे मान लवून घरी जाणे ही गोष्ट त्या काळी किती दुर्मीळ होती, हे युरोपचा इतिहास वाचलेल्याला सांगायला नको. माझ्या मते पुढे १७८७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला इतके अधिकार देण्याचे धाडस प्रतिनिधींनी केले, त्याचे एक कारण हे दालन होते. ते पद कोणाकडे जाणार हे सगळे जाणून होते आणि हा माणूस सत्ता परत करतो हेही त्यांनी पाहिले होते.

पण मी इथे आले होते ती १७८६ च्या सप्टेंबरमधील बैठकीसाठी. राज्याराज्यांमधील व्यापाराचे तंटे सोडवण्यासाठी व्हर्जिनियाने सर्व राज्यांना इथे बोलावले होते. आले पाच राज्यांचे बारा जण. ज्या मेरीलँडच्या राजधानीत बैठक होती, त्या मेरीलँडनेही प्रतिनिधी पाठवले नाहीत. मान नावाच्या गृहस्थाच्या खानावळीत ११ ते १४ सप्टेंबर असे चार दिवस बसून हे बारा जण परत गेले. एका अर्थाने बैठक पूर्ण फसली होती. तरी जाण्यापूर्वी त्यांनी एक अहवाल संमत केला. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर हॅमिल्टनने लिहिलेल्या त्या अहवालात, पुढच्या मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी सर्व राज्यांनी फिलाडेल्फियात जमावे आणि केवळ व्यापाराचा नव्हे तर केंद्रीय सरकारच्या एकूण रचनेचा विचार करावा, अशी हाक होती. बारा जणांना असे आवाहन करण्याचा अधिकार कोणी दिलेला नव्हता.

त्याच हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली. त्यांतले कित्येक क्रांतियुद्धात लढलेले होते. २५ जानेवारी १७८७ रोजी डॅनियल शेज आणि त्याचे साथीदार स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तेव्हा तोफांच्या माऱ्यात चार जण ठार झाले. केंद्राजवळ हे बंड आवरायला ना सैन्य होते, ना पैसा. हॅमिल्टनच्या अहवालाकडे दुर्लक्ष करू पाहणारी राज्येही मग फिलाडेल्फियासाठी प्रतिनिधी निवडू लागली.

संध्याकाळी आम्ही फिलाडेल्फियाची वाट धरली.

तिसरा दिवस, मंगळवार : फिलाडेल्फिया

सकाळी नऊ वाजताच हवा दमट आणि जड झाली होती. इंडिपेंडन्स हॉलमध्ये ठरावीक वेळेच्या तिकिटावर गटागटाने आत सोडतात. आमच्या गटात तीसएक माणसे असतील.

सभागृहाची खोली पाहून मुलगी म्हणाली, “आई, एवढ्याशा खोलीत?” खोली साधारण ४० फूट लांब आणि तितकीच रुंद आहे. हिरव्या कापडाने झाकलेली टेबले अर्धवर्तुळात मांडली आहेत, त्यांवर दौती, टाक आणि मेणबत्त्या आहेत. हे सामान त्या काळच्या पद्धतीचे, इतर ठिकाणांहून जमवलेले आहे. समोरच्या चौथऱ्यावरची उंच पाठीची खुर्ची मात्र खरी आहे. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे आणि १७८७ चा सबंध उन्हाळा वॉशिंग्टन अध्यक्ष म्हणून तिच्यावर बसला होता. अकरा वर्षांपूर्वी स्वातंत्र्याचा जाहीरनामाही याच खोलीत संमत झाला होता.

मे महिन्याचा दुसरा सोमवार उलटून गेला तरी पुरेशी राज्ये आली नव्हती. सात राज्यांची गणसंख्या २५ मे रोजी भरली. एकूण ५५ प्रतिनिधी या ना त्या वेळी हजर राहिले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. न्यू हॅम्पशायरचे दोघे जुलै संपत आला तेव्हा पोहोचले, आणि न्यूयॉर्कच्या तिघांपैकी दोघे तत्पूर्वीच नाराज होऊन निघून गेले होते. आत बोललेले बाहेर जाऊ द्यायचे नाही, असा नियम त्यांनी सुरुवातीलाच केला. दारांवर पहारे बसले. आमच्या गटाला माहिती देणाऱ्या पार्क रेंजरने बंद खिडक्यांकडे हात केला, तेव्हा बाहेरच्या उकाड्यातून नुकत्याच आलेल्या आम्हा सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. तिथे काय झाले ते आज सविस्तर कळते ते प्रामुख्याने मॅडिसनमुळे. तो अध्यक्षासमोरची जागा धरून रोज टिपणे घेत असे. ती टिपणे त्याच्या मृत्यूनंतर, १८४० मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्यांनी राज्यघटनेला मंजुरी दिली त्यांना, आणि तिच्याखाली जगलेल्या पहिल्या दोन पिढ्यांनाही, या खोलीतील वाद वाचायला मिळाले नाहीत.

२९ मे रोजी एडमंड रँडॉल्फने व्हर्जिनियाची योजना मांडली. तिचा कणा मॅडिसनच्या अभ्यासाचा होता. जुनी कलमे दुरुस्त करत बसण्याऐवजी नवे राष्ट्रीय सरकार उभारायचे, त्याला तीन शाखा द्यायच्या आणि विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा ठेवायच्या, असे तीत होते. व्हर्जिनिया सर्वांत मोठे राज्य असल्याने त्याला हे सोयीचे होते. डेलावेअरच्या प्रतिनिधींना तर प्रत्येक राज्याला एक मत ही व्यवस्था सोडायची नाही, असे घरूनच बजावलेले होते. १५ जून रोजी विल्यम पॅटरसनने न्यू जर्सीची योजना पुढे केली. लहान राज्यांचे समान मत तीत कायम होते. पुढचा महिनाभर या एका मुद्द्यावर परिषद मोडण्याच्या बेतात होती. अखेर प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान मत ही तडजोड १६ जुलै रोजी पाच राज्ये विरुद्ध चार अशा मतांनी संमत झाली, आणि तेही मॅसॅच्युसेट्सची मते आपसांत सारखी विभागल्याने. मॅडिसन त्या दिवशी हरला. त्याला सिनेटही प्रमाणशीर हवे होते. आज संघराज्याचा थोर सिद्धान्त म्हणून जे शिकवले जाते, ते त्याच्या मुख्य शिल्पकाराने मनाविरुद्ध पत्करलेले आहे, हे मी यापुढे कोणाला शिकवले तर आधी सांगेन.

दुसरी तडजोड मला सांगायला जड जाते. लोकसंख्या मोजायची तर गुलामांना मोजायचे की नाही? ज्यांना दक्षिणेकडील मालक मालमत्ता म्हणत, त्यांनाच प्रतिनिधिगृहातील जागांसाठी ते माणसे म्हणून मोजू मागत होते. पाच गुलाम म्हणजे तीन माणसे हा हिशोब यापूर्वी करांच्या संदर्भात काँग्रेसमध्ये पुढे आलेला होता, तोच इथे उचलला गेला. त्यामुळे दक्षिणेला प्रतिनिधिगृहात जादा जागा मिळाल्या आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात जादा मतेही. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नर मॉरिसने (‘गव्हर्नर’ हे त्याचे नाव, पद नव्हे) ८ ऑगस्ट रोजी गुलामगिरीवर कडाडून टीका केली आणि विचारले, की ही माणसे असतील तर त्यांना नागरिक करा आणि मते द्या, मालमत्ता असतील तर इतर मालमत्ता का मोजत नाही? त्याची सूचना फेटाळली गेली. पुढे आफ्रिकेतून गुलाम आणण्याच्या व्यापारावर १८०८ पूर्वी बंदी घालता येणार नाही, असे कलम आले आणि पळून गेलेला गुलाम मालकाला परत करण्याचेही कलम आले. एवढे सगळे करून संपूर्ण मजकुरात ‘गुलाम’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. ‘इतर व्यक्ती’ असे लिहिले. लाज वाटते त्या गोष्टीचे नाव टाळायचे आणि गोष्ट मात्र ठेवायची, असा तो मार्ग होता.

मसुद्याची भाषा शेवटी मॉरिसच्याच हातून गेली. उद्देशिकेच्या आधीच्या मसुद्यात ‘आम्ही, न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स...’ अशी राज्यांची यादी होती. पण नऊ राज्यांनी मान्यता दिली की राज्यघटना त्या राज्यांपुरती लागू होणार होती आणि ती नऊ कोणती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मॉरिसने यादी काढली आणि ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक’ असे लिहिले. व्यवहाराची एक अडचण दूर करताना राज्यांच्या करारातून लोकांचा कायदा तयार झाला.

१७ सप्टेंबरचा शेवटचा दिवस. जेकब शॅलस या कारकुनाने चार मोठ्या चर्मपत्रांवर सगळा मजकूर सुवाच्य अक्षरांत उतरवून दिला होता. त्याचे त्याला ३० डॉलर मिळाले. सह्या व्हायच्या इतक्यात मॅसॅच्युसेट्सच्या नॅथॅनियल गोरमने सुचवले, की दर ४०,००० लोकांमागे एक प्रतिनिधी हे प्रमाण ३०,००० वर आणावे, म्हणजे प्रतिनिधी लोकांच्या अधिक जवळ राहील. तेव्हा वॉशिंग्टन खुर्चीवरून उठला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा एखाद्या मुद्द्याच्या बाजूने बोलला. सूचना विरोधाशिवाय मान्य झाली. लिहून तयार असलेल्या चर्मपत्रावरचा आकडा खरवडून बदलावा लागला. ही हकीकत मी पूर्वी वाचली होती, त्या खुर्चीपुढे उभे राहून ती मुलीला सांगितली, तेव्हा ती लगेच म्हणाली, “मग तो खरवडलेला शब्द शुक्रवारी अभिलेखागारातल्या मूळ प्रतीवर आपल्याला दिसेल!” माझ्या डोक्यात हे आले नव्हते.

८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने सह्या होत असताना शेजाऱ्यांना खुर्चीवरचा सूर्य दाखवला आणि तो उगवता आहे की मावळता हे इतके दिवस कळत नव्हते, आता उगवता आहे हे कळले, असे तो म्हणाला. त्या नक्षीकडे मी बराच वेळ पाहिले.

चौथा दिवस, बुधवार : फिलाडेल्फिया

राष्ट्रीय राज्यघटना केंद्रातील एका दालनात परिषदेतल्या ४२ जणांचे पुरुषभर उंचीचे ब्राँझचे पुतळे आहेत. चौथरे नाहीत, त्यामुळे त्यांच्यामधून हिंडता येते. मॅडिसन आणि हॅमिल्टन मला अगदी लहानखुरे वाटले. सह्या ३९ आहेत. एडमंड रँडॉल्फ, जॉर्ज मेसन आणि एल्ब्रिज गेरी या तिघांनी सही केली नाही. माझी पावले मेसनकडे वळली. १७७६ मध्ये व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या माणसाने शेवटच्या आठवड्यात या राज्यघटनेलाही हक्कांची सनद जोडावी अशी मागणी केली. एकाही राज्याने तिला मत दिले नाही. राज्यांच्या आपापल्या सनदा आहेत, तेवढे पुरे, असे त्यांना वाटले. आणि सप्टेंबर अर्धा सरला होता, सगळ्यांना घरी जायचे होते. मेसनही गुलामांचा मोठा मालक होता आणि त्यानेच गुलामांच्या व्यापारावर परिषदेत सणसणीत भाषण केले होते. या काळातला कोणताही माणूस एका ओळीत मावत नाही.

तिथून जवळच, मार्केट स्ट्रीटवर, राष्ट्राध्यक्षांच्या घराची जागा आहे. १७९० ते १८०० फिलाडेल्फिया ही राजधानी होती आणि वॉशिंग्टन १७९७ पर्यंत इथे राहिला. घर उरलेले नाही. त्याने व्हर्जिनियाहून आणलेल्या नऊ गुलामांची नावे इथल्या दगडात कोरली आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने सलग राज्यात राहिला तर स्वातंत्र्य मागू शकत असे. म्हणून मुदत भरण्याआधी त्यांना राज्याबाहेर नेऊन परत आणले जाई. त्यांतली ओना जज ही मार्था वॉशिंग्टनची दासी १७९६ मध्ये या घरातून निघून गेली, जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोहोचली आणि वॉशिंग्टनने प्रयत्न करूनही पुन्हा त्याच्या हाती लागली नाही.

इथे मला जोतीराव फुले आठवले. ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ त्यांनी १८७३ मध्ये अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी कष्ट घेतले त्यांना अर्पण केला. तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुण्यात बसून इतक्या दूरच्या लढ्याचे मर्म ओळखणारी ती अर्पणपत्रिका मी मुलीला तोंडपाठ जमेल तेवढी म्हणून दाखवली.

दुपारी काँग्रेस हॉल पाहिला. खालच्या दालनात प्रतिनिधिगृह आणि वरच्या दालनात सिनेट भरत असे. याच खालच्या दालनात ४ मार्च १७९७ रोजी जॉन ॲडम्सने राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि वॉशिंग्टन साधा नागरिक म्हणून बाहेर पडला. ॲनापोलिसच्या दालनाची ही जोडीदार जागा आहे.

पाचवा दिवस, गुरुवार : न्यूयॉर्क

गाडी फिलाडेल्फियात ठेवून आगगाडीने न्यूयॉर्क गाठले. वॉल स्ट्रीटवर फेडरल हॉलच्या पायऱ्यांवर वॉशिंग्टनचा पुतळा आहे. इमारत १८४२ ची, जकात कचेरी म्हणून बांधलेली. मूळ इमारत १८१२ मध्येच पाडली. ३० एप्रिल १७८९ रोजी पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेताना वॉशिंग्टन ज्या दगडावर उभा होता, तो मात्र आत जपून ठेवला आहे.

शपथेपर्यंत पोहोचणे सोपे गेले नव्हते. राज्यघटनेला मान्यता द्यायची की नाही, हे ठरवायला प्रत्येक राज्यात वेगळी परिषद निवडली गेली आणि फिलाडेल्फियात बंद दारांआड झालेला वाद आता उघड्यावर आला. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने समर्थनाचे ८५ लेख लिहिले. विरोधकांचे म्हणणे हलके नव्हते. दूरच्या केंद्राला तलवार आणि तिजोरी दोन्ही दिल्यावर नागरिकाच्या हक्कांची हमी कोण देणार, असे ते विचारत होते. मॅसॅच्युसेट्सने १८७ विरुद्ध १६८ मतांनी मान्यता दिली आणि सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडली. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ असा निकाल लागला. ऱ्होड आयलंड १७९० च्या मे महिन्यात आले, तेही दोन मतांच्या फरकाने.

हक्कांची सनद या विरोधकांनी मिळवून दिली, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅडिसनला आधी तिची गरज वाटत नव्हती. पण प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत जेम्स मन्रोविरुद्ध उभे राहताना त्याला दुरुस्त्यांचे वचन द्यावे लागले, आणि त्याने ते पाळले. ८ जून १७८९ रोजी त्याने त्या इथे मांडल्या. त्या मूळ कलमांमध्ये जागोजागी बसवाव्यात, अशी त्याची योजना होती. कनेक्टिकटच्या रॉजर शर्मनने हट्ट धरला, की मूळ मजकुराला हात लावू नये, दुरुस्त्या शेवटी जोडाव्यात. शर्मनचे म्हणणे टिकले. २५ सप्टेंबर रोजी काँग्रेसने १२ दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या, त्यांतल्या १० डिसेंबर १७९१ पर्यंत मंजूर झाल्या. उरलेल्या दोनांपैकी सदस्यांच्या वेतनाविषयीची एक थेट १९९२ मध्ये मंजूर झाली.

शर्मनच्या हट्टामुळे या राज्यघटनेतले काहीही नाहीसे होत नाही. रद्द झालेले कलमही वाचायला राहते आणि त्याला रद्द करणारे पुढे येते.

ट्रिनिटी चर्चच्या आवारात हॅमिल्टनच्या समाधीपाशी थोडे थांबून आम्ही भुयारी रेल्वेने कोलंबिया विद्यापीठात गेलो. हॅमिल्टन, जे आणि मॉरिस हे तिघे ज्या किंग्ज कॉलेजात शिकले, तेच पुढे कोलंबिया झाले. १९१३ ते १९१६ बाबासाहेब आंबेडकर इथे होते. लेमन ग्रंथालयात त्यांचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकी संघराज्याशी आपल्या रचनेची जी तपशीलवार तुलना केली, ती मी वर्षानुवर्षे शिकवली आहे. पुतळ्यासमोर हात जोडताना गळा दाटून आला.

सहावा दिवस, शुक्रवार : वॉशिंग्टन

सर्वोच्च न्यायालयाची इमारत १९३५ ची. त्याआधी न्यायालयाला स्वतःची वास्तू नव्हती. बराच काळ ते कॅपिटलमध्येच, म्हणजे काँग्रेसच्या इमारतीत, भरे. तळमजल्यावर जॉन मार्शलचा बसलेला भव्य पुतळा आहे. विल्यम मार्बरीच्या न्यायदंडाधिकारीपदाच्या नेमणुकीवर ॲडम्सची सही झाली होती, पण सरकार बदलण्यापूर्वी ती त्याच्या हाती पडली नाही. ती पोहोचवायची राहिली तेव्हा परराष्ट्रमंत्री खुद्द मार्शल होता. २४ फेब्रुवारी १८०३ रोजी सरन्यायाधीश म्हणून त्याने निकाल दिला : मार्बरीला हक्क आहे, परंतु १७८९ च्या कायद्यातील ज्या तरतुदीच्या आधारे तो थेट या न्यायालयात आला, ती तरतूद राज्यघटनेशी विसंगत म्हणून अवैध आहे. आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या जेफरसनच्या सरकारला मोडता येईल असा आदेशच निघाला नाही आणि कायदा तपासण्याचा अधिकार मात्र न्यायालयाकडे आला. राज्यघटनेत हा अधिकार देणारे वाक्य शोधून सापडत नाही.

या अधिकाराचे ओझे आपल्या घटनाकारांनाही विचारात पाडून गेले. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले आणि त्यानंतर आपल्या एकविसाव्या अनुच्छेदात न्यायालयाला मोठा अधिकार देणाऱ्या ‘ड्यू प्रोसेस’ या अमेरिकी शब्दांऐवजी ‘कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती’ हे शब्द आले.

चार वाजता राष्ट्रीय अभिलेखागारात पोहोचलो. वर्तुळाकार दालनात प्रकाश अतिशय मंद ठेवलेला आहे. छायाचित्रे घेता येत नाहीत. चारही पाने आर्गन वायूने भरलेल्या पेट्यांत आहेत. चौथ्या पानावर सह्यांच्या डावीकडे लहान अक्षरांत एक टीप आहे. पहिल्या पानाच्या पंधराव्या ओळीत ‘तीस’ हा शब्द काही अंशी खरवडलेल्या जागेवर लिहिला आहे आणि अन्यत्र तीन ठिकाणी ओळींमध्ये शब्द घातले आहेत, असे तीत नोंदवले आहे.

आम्ही पुन्हा पहिल्या पानापाशी आलो. मुलीने काचेला हात न लावता ओळी मोजायला सुरुवात केली. उद्देशिकेची ठळक अक्षरे झाली, पहिल्या अनुच्छेदाचे शीर्षक झाले, आणि मग तिने थांबून मला खुणेने बोलावले. शब्द तिथे होता. खरवडल्याची खूण मला त्या प्रकाशात नीट दिसली नाही. तिला दिसली, असे ती म्हणाली. मी वाचता वाचता त्याच परिच्छेदात मागे गेले. थोड्याच ओळी वर, स्वच्छ, एकसारख्या अक्षरांत, कुठेही खाडाखोड नसलेले ‘इतर सर्व व्यक्तींचा तीन-पंचमांश’ हे शब्द होते. मागच्या रांगेतली लहान मुले पुढे यायला अधीर झाली होती, म्हणून आम्ही बाजूला सरलो आणि त्यांना जागा करून दिली.